लाल गोलातली हिरवी खिडकी

जॉर्ज टाउनमधली एक हिरवी खिडकी परदेशी मालिकेत झळकली, मॅडमनी मुलांची पाठ थोपटली आणि सगळं सुरळीत पार पडलं. हे वाक्य विसरून जा. असं काही अजून झालेलंच नाही. आज सोमवार आहे आणि गल्लीतला गंज चोरीला गेला आहे.

"गंज?" अथर्वने विचारलं. "गंज कोण चोरतं?"

"भंगारवाला," हरिप्रिया म्हणाली.

"तो लोखंडासकट नेतो."

मुद्दा बिनतोड होता. समोरच्या घराचं फाटक जागेवर होतं, फक्त त्याचा गंज गायब होता. मंगळवारी पलीकडच्या भिंतीचे पोपडे गेले.

अथर्व वर्षापूर्वी पुण्याहून इकडे तमिळ मुलखात आलेला. बाबा श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात, आणि हा सुट्टीभर वर्गमैत्रीण हरिप्रियाच्या घरी पडीक. तिचं घराणं मूळचं तंजावरचं मराठी. आजोबा हंबीरराव खाली कागदाचं घाऊक दुकान चालवत.

हरिप्रियाला गंजाची काळजी होती ती कमलिनीअक्कामुळे. अक्का, तिची मोठी बहीण, दोन वर्षांपूर्वी शिकायला पोलंडला गेली होती. फोनवर ती रोज म्हणायची, "माझी खिडकी दाखव गं." हरिप्रिया फोन तिच्या खोलीच्या खिडकीकडे धरायची. मग दोघी बराच वेळ काहीच बोलायच्या नाहीत. डेटा मात्र संपायचा.

आता तिथलीच एक कंपनी मालिकेसाठी बंदराजवळची जुनी गल्ली शोधत होती. सरकारी कार्यालयाने पाठवलेल्या फोटोंमधून त्यांनी नेमकी हीच निवडली. गुरुवारी पाहुणे बघायला येणार होते. हरिप्रियाची योजना साधी होती. मालिकेत खिडकी दिसेल, अक्काला राहवणार नाही, अक्का घरी येईल.

बुधवारी सकाळी रस्त्यावर गुलाबी ठिपके सापडले. दोघं गुप्तहेरांसारखे वाकून त्यांचा माग काढत गेले. ठिपके हरिप्रियाच्याच दारात संपले. वर शिडीवर रंगारी होता आणि खिडकी अर्धी गुलाबी झाली होती.

"अण्णा, हे काय?"

"ऑफिसची ऑर्डर," रंगारी म्हणाला. "फॉरेनची माणसं येणार ना."

तासाभरात दोघं एग्मोरच्या त्या सरकारी कार्यालयात पोचले. परदेशी चित्रपटवाल्यांना राज्यात आणायचं काम विद्यालक्ष्मी मॅडमकडे होतं. बोलणं तमिळमध्ये झालं. हरिप्रिया बोलली, अथर्वने मान हलवली.

टेबलावर पाहुण्यांनी परत पाठवलेला फोटो होता. फाटक, भिंत, खिडकी, तिन्हींभोवती लाल गोल.

"मॅडम, त्यांना जे आवडलं त्याला त्यांनी गोल केलाय."

"लाल गोल चुकीला करतात," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "त्यांनी चुका दाखवल्या, आम्ही दुरुस्त केल्या. तीन दिवसांत. आजवर एवढ्या वेगाने या कार्यालयात काही झालेलं नाही."

"मग रंगवणं थांबवा ना."

"रंगवण्याचा आदेश निघतो. न रंगवण्याचा नमुना छापलेला नाही."

बाहेर पायरीवर हरिप्रिया गुडघ्यांत तोंड घालून बसली. अथर्व जरा वेळाने म्हणाला, "मागच्या गल्लीला गोल नव्हता."

हरिप्रियाने मान वर केली. अक्काची खोली कोपऱ्यातली. तिची दुसरी खिडकी मागे उघडत होती. तितकीच हिरवी, तितकीच पोपडे धरलेली.

"आजोबांना सांगायला हवं," ती म्हणाली.

गुरुवारी पाहुण्यांची गाडी आली, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी कागदाच्या गठ्ठ्यांनी लादलेली हातगाडी आडवी उभी होती. जॉर्ज टाउनात माल उतरत असला की कुणीच पुढे सरकत नाही, मिरवणूकसुद्धा नाही.

"गाडी हलवा," मॅडम म्हणाल्या.

"माल उतरतोय, अम्मा," हंबीरराव म्हणाले. "दुपारपर्यंत उतरेल."

"आत्ता पाहुण्यांना कुठून नेऊ?"

"मागून वाट आहे," हरिप्रिया म्हणाली. "मी दाखवते."

मागच्या गल्लीत पाहुणी बाई खिडकीखाली थांबली. रंगाचा एक पोपडा तिने बोटाने हलकेच दाबून पाहिला, पण सोलला नाही. मग बराच वेळ काहीच बोलली नाही. हरिप्रियाला ते गप्प राहणं ओळखीचं वाटलं.

गल्ली पक्की झाली.

"मागची बाजू राखून ठेवायची, हे आमचं आधीच ठरलं होतं," मॅडम सगळ्यांना म्हणाल्या. मग दोघांची पाठ थोपटून हळूच म्हणाल्या, "हुशार आहात." बक्षीस म्हणून उरलेल्या गुलाबी रंगाचा डबा मिळाला.

मालिका पुढच्या सुट्टीत लागली. त्याच दिवशी अक्काचा फोन आला.

"अकरा जणांना बोट दाखवून सांगितलं, ते माझं घर. रडले पण गं."

"मग कधी येतेस?"

"सुट्टी नाही मिळत. पुढच्या वर्षी बघू."

हरिप्रियाने न सांगताच फोन खिडकीकडे धरला. मग दुकानातून एक कोरा कागद आणला आणि लिहायला बसली.

"प्रति, विद्यालक्ष्मी मॅडम. विषय: तात्पुरती आयात. महोदया, चित्रीकरणासाठी परदेशातून कॅमेरे, दिवे व इतर सामान जकात न भरता तात्पुरते आणता येते, असे आपल्या माहितीपुस्तिकेत वाचले. त्याच नियमाखाली एक मोठी बहीण (वापरलेली, चालू स्थितीतील) आणण्यास परवानगी मिळावी. काम संपल्यावर सामान परत पाठवण्याची अट आहे. ती अट कृपया शिथिल करावी, ही नम्र विनंती."