खोट क्रमांक सतरा

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास इचलकरंजीच्या एका बंद पडलेल्या फोल्डिंग खात्यात त्रेचाळीस माणसांनी एकाच वेळी तोंड उघडलं, आणि एकाच्याही तोंडातून आवाज बाहेर पडला नाही.

ही माणसं दरवर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी तिथं जमायची. 'धोटा' नावाचा रॉक बँड कधीकाळी या गावात होऊन गेला होता. चौघंही यंत्रमाग कामगार, म्हणून नाव मागातल्या पळत्या धोट्याचं. ड्रम वाजवणारा दीपक तर मागाच्या खडखडाटावरच ताल शिकलेला. १९९९ साली, माग बंद असण्याच्या वारी, त्यांनी मैदानात एकच मोठा कार्यक्रम केला. त्याची कॅसेट निघाली, 'सुट्टीचा वार'. पाचशे प्रती खपल्या. दोन वर्षांत बँड मोडला, कॅसेट राहिली. चाहते वर्षातून एकदा ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत आणि मग जेवणाची पानं मांडेपर्यंत तिच्यावर भांडत.

तिसऱ्या गाण्यात, चार मिनिटं बारा सेकंदांवर, लाईट जायची. गिटार अर्ध्या सुरात मरायची. रेकॉर्डिंगचं यंत्र तेवढं मोटारीच्या बॅटरीवर होतं, म्हणून पुढचे अकरा सेकंद टेपवर उतरले होते: कुजबुज, एक शिट्टी, आणि गर्दीतून एक तरुण आवाज. "वाजीव की रं दिप्या! लाईट गेलीया, हात हाईत न्हवं?" त्यावर हशा, आणि मग नुसत्या ड्रमवर उरलेलं गाणं. त्या ओळीला सगळा हॉल त्याच्यासोबत ओरडायचा. पहिली आरोळी सुकुमार चौगुलेची. तीस वर्षं तो मान त्याचाच होता.

आज पहिल्यांदाच कॅसेटची दुरुस्त केलेली नवी आवृत्ती लावली होती. चार मिनिटं बारा सेकंद झाले. लाईट गेली नाही. गिटारनं आपला सूर पुरा केला, ड्रमनं तो उचलला आणि गाणं स्वच्छ, सलग, शेवटापर्यंत वाजलं.

इम्तियाज मोमीननं सगळ्यांच्या आधी तोंड मिटलं. "अण्णा," तो सुकुमारला म्हणाला, "बेचाळीस वर्षांनी का होईना, लाईट आली बघा."

चारदोन जण हसले. सुकुमार हसला नाही. त्याला आपली वही आठवली होती.

सुकुमारनं पस्तीस वर्षं फोल्डिंग खात्यात कापड तपासलं होतं. काचेच्या टेबलावरून कापड सरकायचं, खालून दिवा असायचा, आणि तुटलेला धागा, तेलाचा डाग, विणीतली गाठ दिसली की तो काठाला लाल दोरा बांधून कितव्या मीटरवर काय, ते लिहायचा. कॅसेटही त्यानं तशीच तपासली. कितव्या मिनिटाला माईक पडतो, कुठं बेस गिटार घसरते, कुठं दीपक अर्धी मात्रा मागं राहतो. एकूण एक्केचाळीस खोटी. पुढं त्या वहीची प्रथा झाली. चाहत्यांच्या या मंडळात नवा माणूस आला की त्यानं एक खोट आपली म्हणून निवडायची आणि जन्मभर तिची बाजू घ्यायची. इम्तियाजची नववी, माईक पडण्याची. तिच्यापायी त्यानं सख्ख्या मेव्हण्याशी दोन वर्षं बोलणं टाकलं होतं. या लोकांत खोट काढणं म्हणजे जीव लावणं होतं. पण हे त्या हॉलबाहेर कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

कंपनी दोन वर्षांपूर्वी आली. तिच्या तंत्राचं नाव ध्वनिसांधणी. गावानं त्याला रफू म्हणायला सुरुवात केली. मूळ टेप गोदामाच्या आगीत गेली होती, म्हणून चाहत्यांच्या कॅसेटी हव्या होत्या. टेपवरचा चुंबकीय थर कणाकणानं खरवडून यंत्र प्रत्येक कण वाचायचं. वाचून झालेल्या टेपची भुकटी व्हायची. पण शंभर झिजक्या कॅसेटींच्या वाचनांतून यंत्र एक नवीकोरी टेप जुळवायचं, असं कंपनी म्हणत होती आणि ते खरंही होतं. सुकुमार स्वतः दारोदार फिरला. एकशे बारा कॅसेटी जमल्या.

कंपनीनं आणखी एक गोष्ट मागितली: माहीत असलेल्या दोषांची यादी. सुकुमारनं वही सुवाच्य अक्षरात उतरवून पाठवली. या एक्केचाळीस जागा जपा, असं त्याला म्हणायचं होतं. यादीच्या डोक्यावर तसं लिहावं हे मात्र सुचलं नाही, कारण तीस वर्षांत ते कोणाला सांगावं लागलं नव्हतं. शेवटच्या मंजुरीसाठी नमुना आला तेव्हा त्यानं पहिलं गाणं ऐकलं, शेवटचं ऐकलं आणि सही केली. ताग्याची दोन टोकं बघून मधलं कापड सोडणाऱ्या पोरांना त्यानं आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या.

हॉलमध्ये मतं घेतली गेली. निवृत्त शिक्षक भरमू मगदूम म्हणाले, "ऐकायला झकास हाय. खोटं कशाला बोलू? आमची सूनबाई पहिल्यांदा शेवटपर्यंत बसली."

"सूनबाईला आवडावं म्हणून काढली होती व्हय कॅसेट?" इम्तियाज म्हणाला.

"मग काय भंगारवाल्याला आवडावं म्हणून?"

बाहेरचं मत तर एकतर्फीच होतं. अकरा हजार श्रोत्यांनी नव्या आवृत्तीला जवळपास पैकीच्या पैकी दिले होते. 'आता कुठं हा बँड बँडसारखा वाटतो,' असं एकानं लिहिलं होतं. सांगलीच्या एका मुलीनं लिहिलं होतं, 'बाबांच्या कॅसेटमध्ये हे गाणं अर्धवट होतं. आज पूर्ण ऐकलं आणि रडले.' हॉलमध्ये सव्वीस हात नव्याच्या बाजूनं वर झाले, नऊ विरोधात. बाकीचे फोनमध्ये बघत होते. नंतर भांडायला काही उरलं नाही. त्या वर्षी जेवणं बारालाच उरकली.

सोमवारी सुकुमारनं कंपनीला फोन लावला. प्रकल्प सांभाळणाऱ्या मृण्मयी बेडेकर सौम्यपणे बोलल्या.

"काका, तुमच्या यादीवरच तर काम झालंय. एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस."

"मधली वाचनं असतील की. कॅसेटी वाचल्या तेव्हाची."

"मंजुरीनंतर ती पुसतो आम्ही. करारात आहे. सही तुमचीच आहे, काका."

"आणि जुनी आवृत्ती? लोकांच्या फोनमध्ये होती ती?"

"फोनमध्ये आता कोणाच्या काही साठलेलं नसतं. सगळं आमच्याकडूनच वाजतं, आणि आमच्याकडे नवीन आहे." मग त्यांनीच सुचवलं. "एखादा आवाज हवा असेल तर तो पुन्हा घडवता येईल. जवळच्या नातेवाइकाचा गळा, वर्णन, कोणी नक्कल करत असेल तर ती. असं काही आहे का?"

मेळाव्यांची तीस वर्षांची रेकॉर्डिंग सुकुमारकडे होती; त्यांत टेपवरची ती ओळ त्याच्याच आरोळीखाली दबलेली असायची. त्यानं ती पाठवून दिली. मग तीन दिवस तो जुनी प्रत शोधत फिरला. जयसिंगपुरात एकाकडे तबकडी निघाली, तिला बुरशी चढली होती. इम्तियाजचा जुना संगणक सुरूच झाला नाही.

गुरुवारी दुपारी शोभा म्हेत्रे दारात उभी राहिली.

ती चाहती नव्हती. त्या संगीताला ती धबडगा म्हणायची. पण सतराव्या खोटीतला, लाईट गेल्यावरचा, आवाज तिच्या भावाचा होता. बाळू बावीस वर्षांचा होता. कार्यक्रमानंतर पाच महिन्यांनी मोटारसायकलवरून येताना गेला. त्याचे फोटो होते, शर्ट होता, आवाज मात्र त्या एका ओळीपुरताच उरला होता. घरची कॅसेट ती फिरवून त्या ओळीवरच आणून ठेवायची. वर्षातून एकदोनदा, राखीपौर्णिमेला नक्की, ओळ ऐकायची आणि बंद करायची. सुकुमार कॅसेट मागायला गेला तेव्हा तिनं विचारलं होतं, "परत मिळंल न्हवं?" आणि तो म्हणाला होता, "कॅसेट न्हाई मिळायची अक्का. पण आवाज मिळंल. उजळून मिळंल."

आता ती खुर्चीच्या कडेवर बसली. सुकुमारनं पाणी दिलं. तिनं ते घेतलं नाही.

"काय म्हणून लिवलासा ओ त्याला? खोट?"

"अक्का, आमच्यात खोट म्हणजे..."

"आईनं त्याला कधी काळतोंड्या म्हटलं न्हाई. तुमी खोट म्हटलासा." तिनं पिशवीतून फोन काढला. "जाऊ दे. कंपनीच्या बाईंचा फोन आलता. माझ्याकडनं बोलवून घेतलं, बाळू कसा बोलायचा ते इचारलं. तीन आवाज धाडल्यात. एक निवडायचा, मग त्यो कायमचा बसतोय. लाईटपण जाणार परत. पण मूळ टेप माहीत असलेल्या माणसाची सही लागती म्हणाल्या." तिनं त्याच्याकडे बघितलं. "ह्या टायमाला मधलंबी ऐका."

पहिला आवाज गोड होता. नाकाच्या वळणात शोभा स्पष्ट ऐकू येत होती. दुसरा कोणाचाही असू शकला असता.

तिसरा लागला आणि शोभाचा हात तोंडाशी गेला.

"वाजीव की रं..." मग किंचित श्वास. "दिप्या! लाईट गेलीया, हात हाईत न्हवं?"

सुकुमारनं मान खाली घातली. तो श्वास त्याच्या ओळखीचा होता. पस्तीस वर्षं सुताची धूळ छातीत गेल्यावर त्याला 'रं'च्या पुढं दम घेतल्याशिवाय 'दिप्या' म्हणताच यायचं नाही. यंत्रानं वय उतरवलं होतं, घोगरेपणा धुतला होता, गर्दीतलं अंतर घातलं होतं. श्वास तेवढा राहिला होता. काठाला बांधलेल्या लाल दोऱ्यासारखा तो त्याला दिसला.

"ह्योच," शोभा म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "ह्योच माझा बाळू. व्हय न्हवं ओ अण्णा?"

"परत एकदा लावा," सुकुमार म्हणाला.

तिनं लावला. त्यानं डोळे मिटून मूळ टेप आठवायचा प्रयत्न केला. मैदान आठवलं, शिट्टी आठवली, मरत जाणारी गिटार आठवली. मग आवाज आला, आणि त्यात तो श्वास होता. त्यानं पुन्हा सुरुवातीपासून आठवून पाहिलं. पुन्हा तोच श्वास. हा बाळूचाही होता? की इतकी वर्षं टेपवर ओरडून ओरडून त्यानं आपलाच आवाज त्या जागी बसवला होता, यंत्र यायच्या कितीतरी आधी?

त्यानं उठून वही काढली. सतरावी नोंद त्याच्याच अक्षरात होती: 'गाणे ३. ४ मि. १२ से. लाईट जाते. ११ सेकंद. प्रेक्षकांतून एक आवाज.' आवाज कसा, ते लिहिलं नव्हतं. रोज ऐकू येणारी गोष्ट कोण लिहून ठेवतं?

"काय लिवलंय?" शोभानं विचारलं.

"काही न्हाई."

तिनं फोन त्याच्यापुढं सरकवला. पडद्यावर सहीची चौकट होती आणि वर एक ओळ: हा आवाज मूळ टेपवरील आवाजाशी जुळतो. सुकुमारनं आयुष्यात खोट दिसूनही पास केलेला तागा एकही नव्हता. नाही म्हटलं तर तिच्याकडे काय राहणार होतं, तेही त्याला समोर दिसत होतं.

"सांगा की," ती म्हणाली. "तुमीच एक हाईसा आता. तुमी म्हणशिला त्योच बाळू."

बोलण्यासाठी त्यानं दम घेतला. तोच, तेवढाच. आणि तो छातीत धरून तो तसाच बसून राहिला. बावीस वर्षांचा तो मुलगा त्या दिवशी काळोखात ओरडताना श्वास कुठं घेत होता, हे आता कोणाला विचारायचं?