डावा चट्टा

लोक डॉक्टरला गृहीत धरतात, त्याचा मला भयंकर राग येतो. सोनाळ्याच्या बनाबाईंचा तर फारच आला.

त्यांच्या मंजुश्रीला चाई होती. शरीर आपल्याच केसांच्या मुळांवर उठतं, तो आजार. डोक्यावर दोन गुळगुळीत चट्टे. वर्गात शेजारी कुणी बसेना, म्हणून पोरीने कॉलेज सोडलेलं. नांदुऱ्याच्या माझ्या दवाखान्यात मी नवं मलम तपासत होते. दोघींना नीट समजावलं होतं: उजव्या चट्ट्याला औषधाचं मलम, डाव्याला बिनऔषधी. फरक पडला तर उजवीकडे पडायला हवा.

केस डावीकडे आले.

तेही बोटभर लांब, मुळाशी पांढरे, टोकाला मेंदीने तांबडे. मंजुश्रीने जन्मात केसांना मेंदी लावली नव्हती.

"डबीत काय मिसळलं?" मी बनाबाईंवर ओरडले.

"काई नाई मॅडम. तुम्ही सांगतलं तसंच लावतो. बोटाले राह्यलेलं तेवढं माह्या डोक्याले पुसतो. वाया काऊन घालवा?"

पोरीला तेल लावून झालं की आमच्याकडची प्रत्येक आई हेच करते. तरी माझं डोकं सणकलं. सगळी मेहनत पाण्यात! तपासायला म्हणून मी मंजुश्रीच्या डाव्या चट्ट्यावरचा एक केस चिमट्याने उपटला.

मंजुश्री ढिम्म. दाराशी बसलेल्या बनाबाई मात्र कळवळल्या.

मी त्यांचा पदर मागे सारला. केस मेंदीने तांबडे. डावीकडे तेवढाच, त्याच आकाराचा गुळगुळीत चट्टा.

"बंद करा हे!" मी दोन्ही डब्या काढून घेतल्या. "काय होतंय, कळतंय का तुम्हाला?"

"हाव," बनाबाई म्हणाल्या. "पोरगी कॉलेजात जातो म्हनून राह्यली."

आणि चक्क हसल्या. असं झिजून वर हसणाऱ्या आयांची मला चीड येते.

पुढच्या खेपेला मंजुश्री एकटीच आली. मलम बंद होतं, तरी डोकं गच्च भरलेलं. वेणी कमरेपर्यंत.

"आई कुठे?"

"घरी. उठवत नाई तिले."

"आणि तू वेणी घालून फिरतेस?"

"म्या काय केलं, मॅडम?" ती रडायलाच लागली.

खरंच होतं तिचं. राग काढायचा तरी कुणावर?

मी चिमट्यात एक केस धरला.

अजून ओढला नव्हता.

तिचा फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

"मॅडमले सांग," सोनाळ्याहून बनाबाई धापा टाकत म्हणाल्या, "हळू ओढा म्हना. आता थोडेच राह्यले."