आधी भुयार, मग डोंगर

वसुबारसेच्या सकाळी सरंजाम्यांच्या अंगणात किल्ला चढत होता. विटांवर ओलं गोणपाट पसरून झालं होतं, त्यावर लाल मातीचा गिलावा बसत होता. पाच वर्षांची जुई कोपरापर्यंत चिखलाने माखली होती, पण कपाळावरची निळी पट्टी मात्र स्वच्छ होती. ती मळली की काम करत नसे, म्हणून आई मधूनमधून ओल्या फडक्याने पुसून देई.

ही उमजपट्टी आईनेच, म्हणजे डॉ. केतकी सरंजामे यांनी, घडवली होती. पट्टीतून डोळ्यांना न दिसणारा मंद प्रकाश कपाळात शिरे आणि मेंदूत रक्त कुठे धावतंय ते टिपून घेई. मूल अडलं की मोठ्या माणसाच्या कानातल्या मण्याएवढ्या यंत्रात, कानमण्यात, नेमका इशारा उमटे. मुलाला एकट्याने जमतं ते एकीकडे, कुणी कितीही मदत केली तरी जमत नाही ते दुसरीकडे, आणि शिकणं घडतं ते या दोहोंमधल्या अरुंद बांधावर, हे मानसशास्त्राला केव्हाच ठाऊक होतं. तो बांध नक्की कुठे, हे मात्र अंदाजानेच चाले. केतकीने तो मोजून दाखवला. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. केतकीला ते कपाळात दिसत होते.

तिला याचा अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे. पट्टी लावून वाढलेली पहिली मुलगी तिचीच. जुई बरोबरीच्या मुलांच्या कितीतरी आधी गाठी मारायला, नकाशा वाचायला शिकली होती. दिवाळी झाली की सरकारी समिती तिला बघायला येणार होती. केतकीने शिफारस केली की पट्टी राज्यातल्या प्रत्येक बालवाडीत जाणार होती.

जुईला किल्ल्याच्या पायथ्याशी भुयार हवं होतं. मावळ्यांना गुपचूप बाहेर पडायला वाट नको का? तिने चिखलाची टेकडी रचली आणि बोटांनी पोखरायला घेतली. टेकडी बसली. तशी जुईने मान वळवून आईकडे पाहिलं आणि ती थांबली.

"पाणी कमी घाल," कानमण्याने सांगितलं ते केतकीने सांगितलं. जुईने पाणी कमी घातलं. टेकडी पुन्हा बसली. पुन्हा मान वळली.

ओसरीत अप्पा, केतकीचे सासरे, चिवड्यासाठी सुपात शेंगदाणे निवडत बसले होते. एरवी ते सुनेची थट्टाच करायचे, घरात नातीपेक्षा पट्टीचेच लाड जास्त म्हणायचे. आज त्यांनी सूप खाली ठेवलं.

"केतकी, हिचा बाप एवढा होता तेव्हा किल्ला करताना अखंड बडबडायचा. स्वतःलाच दटावायचा, स्वतःलाच शाबासकी द्यायचा. ही कधी काय बोलत नाही गं. नुसती तुझ्याकडं बघती."

लहान मूल काम करताना पुटपुटतं ते त्याचं मोठ्याने विचार करणं असतं, तीच बडबड पुढे आत मुरते आणि माणसाचा विचार होते, हे केतकी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवत होती. आणि स्वतःच्या लेकीचं पुटपुटणं तिने कधी ऐकलंच नव्हतं. त्या शांततेला ती एकाग्रता समजत आली होती. मान वळवण्याला विश्वास.

तिने कानमणी काढून सुपात टाकला.

"आई, सांग ना," जुई म्हणाली.

"मला नाही येत गं भुयार करायला."

हे खोटं नव्हतं. माहेरी किल्ला भावांचा असे. तिच्या वाट्याला पाण्याच्या बादल्या भरून देणं आलं होतं.

जुईचा विश्वास बसेना. मग ती चिडली, रडली, तिने चिखलाचा गोळा भिंतीवर भिरकावला. केतकीच्या फोनवर पट्टीची खूण लाल झाली: मूल भरकटले आहे, तातडीने मदत करा. तिचा हात सुपाकडे गेला. एक इशारा, आणि पोरीचं रडणं थांबलं असतं. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. लेकीला रडू देणं इतकं जड जाईल असं तिला वाटलं नव्हतं.

हुंदके विरले आणि मागोमाग बारीक आवाज आला. जुई कुणाशीच बोलत नव्हती.

"इथनं नको... वरचं पडतंय... वरचं कशाला मग आधी... वरचं नंतर."

आणि तिने उरलेली टेकडी दोन्ही हातांनी सपाट करून टाकली. अप्पा अर्धवट उठले. केतकीने त्यांना हातानेच थोपवलं. जुईने डावा हात उघड्या जमिनीवर आडवा ठेवला आणि ती उजव्या हाताने त्याच्यावर चिखल थापायला लागली. थापताना तोंड चालूच होतं, "आधी भुयार, मग डोंगर. आधी भुयार, मग डोंगर." बऱ्याच वेळाने तिने हात हळूच ओढून घेतला. एका तोंडाची कड ढासळली, पण भुयार उभं राहिलं.

केतकीचे डोळे भरून आले. इतकी वर्षं तिने स्वतःच्या कामाचा अभिमान मिरवला होता. आज वाटत होता तो त्याहून मोठा होता, कारण यात तिचं काहीच नव्हतं. फोनवरची खूण तेवढी अजून लालच होती. ज्या घटकेला पोरीने डोंगर उलटा रचला, त्या घटकेला यंत्र तिला भरकटलेली म्हणत होतं. त्याचं ऐकलं असतं तर भुयार कदाचित लवकरही झालं असतं, आणि काय घडायचं राहून गेलं ते कुणाला कळलंही नसतं. समितीला आता सांगायचं काय? गप्प कधी बसायचं, हे यंत्राला शिकवता येईल?

"आई, तुला खरंच येत नव्हतं?"

"खरंच."

"मग ये इकडं. हात ठेव."

केतकी साडीसकट चिखलात बसली. लेकीने तिच्या हातावर मोठ्या माणसाच्या गांभीर्याने माती थापली. समोर अजिंक्यतारा उन्हात उजळला होता आणि सुपात कानमणी शेंगदाण्यांना इशारे देत होता. हाताला मुंग्या आल्या तशी केतकीने विचारलं, "काढू का गं आता?"

"थांब ना," जुई म्हणाली. "तुला सारखी घाई का असते?"