पाच फूट गेले कुठे?

"म्हणजे सगळी सुट्टी सामान बांधण्यात जाणार," जिन्यातली नोटीस वाचून टाचणी म्हणाली. ती काडीसारखी बारीक, म्हणून टाचणी. शेजारी तिचा धाकटा भाऊ गुंड्या आणि वरच्या मजल्यावरचा मित्र उभे होते. हा मित्र कशावरही वाद घालायचा, म्हणून सगळे त्याला वकील म्हणत.

न्हाणीघरांच्या भिंतींना ओल आली होती, तडे गेले होते. इंजिनिअर येऊन गेले आणि इमारत धोकादायक ठरली. अकरा कुटुंबांना महिन्याभरात घर सोडायचं होतं.

"पाऊस थांबून पाच महिने झाले," वकील म्हणाला. "मग भिंत ओली कशी?"

"नळ गळत असेल," गुंड्या म्हणाला.

"सगळ्या मजल्यांवर? एकाच भिंतीत?"

त्या भिंतीमागे काही दडलंय का, हे बघायला टाचणीने घरून मोजायचा टेप आणला. बाहेरचा व्हरांडा भरला चाळीस फूट. आतल्या खोल्या आणि भिंती मिळून पस्तीसच. तिघांनी पुन्हा मोजलं. पाच फूट कमीच.

तळमजल्यावर सुतारआजोबा राहत. ही इमारत बांधली तेव्हा ते तिथे उमेदवारी करत होते. पोरांचं म्हणणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तिथे हवेचा चौक होता," ते म्हणाले. "खालून गच्चीपर्यंत उघडा. प्रत्येक न्हाणीघराची खिडकी त्यात उघडायची. पुढे लोक कचरा टाकायला लागले, तशा खिडक्या बुजवल्या आणि वरून फरशी घातली."

तिघं गच्चीवर धावले. फरशीवर कुंड्या मांडलेल्या होत्या. त्यांच्यामागे टाकीतून जादा पाणी वाहून जायचा पाइप एका भोकात शिरला होता. भोकाला कान लावला, तर आत टपटप ऐकू येत होतं.

"आता हे मोठ्यांना सांगायचं," गुंड्या म्हणाला.

"पुरावा?" वकिलाने विचारलं.

टाचणीने बादलीभर पाण्यात निळ्या शाईची बाटली रिकामी केली आणि पाणी भोकात ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरून सेक्रेटरीकाकांचा आवाज आला. "माझ्या भिंतीवर शाई कोणी फेकली?"

"फेकली नाही, काका," टाचणी दारातून म्हणाली. "झिरपली. आम्ही ती गच्चीवर ओतली होती."

काका रागावले. मग त्यांनी निळ्या भिंतीवरून बोट फिरवून पाहिलं. टाचणीने त्यांच्या हातात मापांचा कागद दिला.

इंजिनिअरना पुन्हा बोलावलं. ते आले आणि खालीच थांबून म्हणाले, "मी पाहणी केली आहे."

"गच्चीवर गेला होतात?" वकिलाने विचारलं.

इंजिनिअर जिना चढू लागले.

फरशी उचलली. पाइप गच्चीच्या पन्हाळीला जोडला. भिंती सुकल्यावर इंजिनिअरनी सगळी इमारत ठोकून तपासली. खांब शाबूत होते; गिलावा तेवढा फुगून तडकला होता. त्यांनी नोटीस स्वतःच्या हाताने काढली आणि टाचणीला म्हणाले, "मापं माझ्यापेक्षा नीट घेतलीस." हे म्हणताना त्यांचे कान लाल झाले होते.

बुजवलेल्या खिडक्या एकेक करून मोकळ्या केल्या. तळमजल्यावरच्या खिडकीची चौकट सुतारआजोबांनी बोटांनी चाचपली.

"ही माझ्या हातची पहिली चौकट," ते म्हणाले. "परत दिसेल असं वाटलं नव्हतं. शाबास रे पोरांनो."

त्या दुपारी चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ते दिवा न लावता न्हाणीघरात गेले.