चौकटीच्या कडेचा पाववाला

ग्रिसेल्दानं दारावर बुक्क्या मारल्या तेव्हा फर्मिन गरम पाण्यात पाय सोडून बसला होता.

“मामा! बाबांना पोलिसांनी नेलं. मालगाडीनं नोएमीच्या टेम्पोला उडवलं. फाटक उघडं होतं म्हणतात!”

“कोण नोएमी? ती भाजीवाली?”

“हो. जिवंत आहे, पण शुद्ध नाही. ती गेली तर बाबा तुरुंगातच. मामा, तुम्ही चला. तुम्हाला आगगाड्यांतलं कळतं.”

त्याला काय कळत होतं? जन्मभर नगरवाचनालयात पुस्तकं लावली आणि सुटीला गाड्यांचे फोटो काढले, एवढंच. पोलिसांपुढं बोलणं तर त्याला जमणारंच नव्हतं. पण रेल्वेचा फाटकवाला रुफिनो त्याच्या बहिणीचा नवरा. ती वारल्यापासून त्या माणसानं दोनच गोष्टी जपल्या होत्या, फाटक आणि ही पोर.

फर्मिननं ओल्या पायांवरच मोजे चढवले.

चौकीत फौजदार लेन्सिनास बाईंनी त्याला कोपऱ्यातली खुर्ची दाखवली. “बसा. मधे बोलायचं नाही.”

रुफिनो समोर होता. हात मांडीवर, बोटं काळी.

“फाटकाचे दांडे पाडले होतेस?” बाईंनी विचारलं.

“पाडले, बाई. दांड्याला मागं लोखंडाचं वजन असतं. चाक फिरवून साखळी ताणली की तो खाली, सैल सोडली की आपोआप वर. एका चाकानं दोन्ही दांडे चालतात.”

“म्हणजे एक वर आणि एक खाली, असं होत नाही?”

“कधीच नाही.”

“मग?”

“मग रुळाशी जाऊन हिरवा झेंडा धरला. तोंड गाडीकडं, रस्ता पाठीमागं. आवाज झाला तसा वळलो. माझ्या बाजूचा दांडा खालीच होता. पलीकडचं गाडीमुळं दिसलं नाही.”

“आम्ही आलो तेव्हा दोन्ही वर होते.”

“गाडी पुढं काढली आणि मीच चाक फिरवलं. रुग्णवाहिकेला वाट नको?”

“इंजिनवाल्याच्या डोळ्यांवर ऊन होतं, त्याला दांडे दिसले नाहीत. हा फोटो मात्र बोलतो.” बाईंनी तो फर्मिनपुढं सरकवला. “तुमच्या मित्राचा. अतिलिओचा. नोएमीच्याच बाजूला उभा होता. आम्ही विचारल्यावर धुऊन आणून दिला.”

फर्मिननं चष्मा पुसला.

फोटो सुरेख होता. उतरत्या उन्हात न्हालेलं इंजिन, मागं रिकाम्या धान्यवाघिणींची रांग, रुळापलीकडं झेंडा धरलेला रुफिनो. अलीकडचा रस्ता मोकळा. दांड्याचा मागमूस नाही.

“झेंडा दाखवला, दांडे विसरला,” बाई म्हणाल्या. “काही म्हणायचंय?”

फर्मिननं मान हलवली. त्यातून हो की नाही ते त्यालाही कळलं नाही.

आजची सबंध सकाळ तो अतिलिओबरोबरच होता. पोलाद कारखान्यामागं तप्त लोखंडाच्या वाघिणी, मग नदीकाठची बंदरगाडी, मग पुलावरून बुएनोस आयरेसची प्रवासी गाडी. पुलाशी कुणाची तरी वाळत घातलेली धुणी आडवी येत होती. अतिलिओनं सरळ दोरी खिळ्यावरून सोडली, फोटो काढला आणि पुन्हा अडकवली. एक चादर चिखलात पडली तेव्हा आतून बाई ओरडली, “मेल्या, तुझी आई धुणार का ही?”

“चौकट स्वच्छ पाहिजे, गड्या,” अतिलिओ पळता पळता हसत होता. “आधी मैदान साफ करायचं. मागाहून कात्री लावतात ते शिंपी!”

म्हणून तर तो नेगेटिव्हच्या कडेची काळी रेघ चारी बाजूंनी छापायचा. फोटो कापलेला नाही याची ती खूण.

फर्मिननं फोटो पुन्हा उचलला. डावीकडं काळी रेघ होती. वर होती. खाली होती.

उजवीकडं नव्हती.

त्या कडेला, रुळापलीकडं, एक सायकलवाला अर्धा दिसत होता. पुढं पावांची टोपली. एक पाय जमिनीवर. एक कोपर पुढं काढून आरामात टेकलेलं. कशावर टेकलं होतं ते मात्र कडेबाहेर राहिलं होतं.

“बाई,” फर्मिन म्हणाला. “मला उद्या सकाळपर्यंत वेळ द्या. माझं चुकतही असेल.”

सकाळी तो पावाच्या भट्ट्यांवर चौकशी करत फिरला. तिसऱ्या भट्टीवर तितो पाववाला सापडला.

“काल फाटकावर होतास?”

“होतो की. गाडी येताना पोचलो. ती मधेच उभी राहिली तसा कंटाळून पुलाकडनं गेलो. अपघाताचं रात्री कळलं.”

“उभा कसा होतास?”

“ही काय परीक्षा आहे, आजोबा?” तितो हसला. “उभा कसा असणार? दांड्यावर कोपर टेकून!”

अतिलिओनं दार उघडलं. डोळे सुजलेले होते. फर्मिनच्या मागं लेन्सिनास बाई आणि तितो दिसले तसा तो बाजूला झाला.

“बसा. येर्बाच्या चहाचं पाणी ठेवतो.”

“नको. अतिलिओ, मला नीट बोलता येत नाही, मधे तोडू नकोस.” फर्मिननं फोटो टेबलावर ठेवला. “हा तू कापलास. तू कधी कापत नाहीस. का कापलास?”

“कडेला कचरा होता.”

“कडेला पलीकडचा दांडा होता. खाली पडलेला. तितो त्यावर टेकून उभा होता. त्याला पुरता काढला असतास तर इंजिनही कापलं गेलं असतं, म्हणून अर्धा ठेवलास. पलीकडचा दांडा खाली, म्हणजे रुफिनोनं चाक फिरवलं होतं. मग अलीकडचाही खाली आलाच असणार. तो वर कसा गेला?”

अतिलिओनं फोटो पालथा केला.

“चाकानं नाही. त्या दांड्याच्या साखळीची कडी सोडली की मागच्या वजनानं तो एकटा वर जातो. धुण्याच्या दोरीसारखं. सोडायचं, फोटो काढायचा, पुन्हा लावायचं. रुफिनोची पाठ होती आणि त्या बाजूला तुझ्याशिवाय कुणी नव्हतं.”

“अटकळी आहेत,” अतिलिओ पुटपुटला.

“कडी पुन्हा लावायच्या आत नोएमी मागून आली. निलगिरीच्या झाडांच्या रांगेमुळं तिला गाडी दिसली नाही, दांडा वर दिसला. मग रुफिनोनं दांडे उचलले, त्या गडबडीत तू कडी अडकवलीस. खोटं असेल तर आख्खं नेगेटिव्ह दाखव. मी तुझी माफी मागेन.”

अतिलिओ खुर्चीत बसला.

“दांडा बरोबर इंजिनच्या तोंडावरून आडवा जात होता,” अतिलिओ म्हणाला. “आणि ऊन असं... मी ओरडलो रे तिला. हॉर्नमध्ये ऐकूच गेलं नाही.”

“आणि रुफिनो?” फर्मिननं विचारलं. “काल रात्रभर तो कोठडीत होता. माझी भाची दाराबाहेर पायरीवर.”



“नोएमीनं पहाटे डोळे उघडले,” लेन्सिनास बाई कोरडेपणानं म्हणाल्या. “‘दांडा वर होता,’ एवढंच म्हणाली. त्या वाक्यावर रुफिनो कायमचा आत गेला असता. नेगेटिव्ह आहे?”

अतिलिओ उठला. फडताळातून कागदी पाकीट काढलं आणि आतली पट्टी उजेडासमोर धरली. इंजिन, रुफिनो, तितो, आणि त्याच्या कोपराखाली आडवा पट्टेरी दांडा. सगळं जागच्या जागी.

“हे जाळलं असतंस,” फर्मिन हळूच म्हणाला, “तर माझं कुणी ऐकलं नसतं.”

“काडी ओढली होती. दोनदा.” अतिलिओ म्हणाला. “नाही जाळवलं रे. असं ऊन पुन्हा मिळत नाही.”

त्यानं ती पट्टी दोन्ही कडांनी धरली आणि, बोटांचे ठसे उमटू नयेत अशी जपून, फौजदारांच्या हातावर ठेवली.