खुल्या कट्ट्यावरचा गुरुदास

दिपालीच्या तोंडाला कुजत आलेल्या फळासारखा वास येत होता.

फौजदार मनिषा होनगेकर वाकली आणि लगेच सरळ झाली. खाटेवर बावीस वर्षांची पोर निपचित पडली होती. ओठ भेगाळलेले. उशाशी वांतीचं पातेलं. शेजारी प्लॅस्टिकची बाटली, तिच्यात अर्ध्यावर पाणी, तळाला मातकट गाळ.

बाहेर बेळगावच्या वडगावातला तो बोळ माणसांनी भरला होता. एरवी मागांच्या खडखडाटात इथं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आज सगळ्यांनी माग बंद ठेवले होते, त्यामुळे कुजबुजही आत येत होती.

"औषध प्याली म्हणं."

"लगीन मोडलं न्हवं तिचं मागं."

दिपालीचे वडील महादेव उंबऱ्यात बसले होते. ते ऐकून ताडकन उठले. "औषध न्हाय प्याली माझी पोर! तिला मारलंय. ह्यात हाईत ती माणसं." त्यांनी मुलीचा मोबाईल मनिषासमोर धरला.

"कोण माणसं?"

"खुला कट्टा. असंच नाव हाय त्या गटाचं. कोण कुटला, कुणाला ठावं न्हाय. देव हाय का न्हाय, गरवार बाईनं गिराणात भाजी चिरावी का न्हाय, यंत्रं माणसाचं काम खाणार का, रोज भांडणं. जेवताना बी हिचं बोट चालूच. त्यात काकतीचा एक आप्पासाहेब हाय. परवाच लिवलंय त्यानं, देवाची चेष्टा केलीस तर भोगशील म्हणून."

दिपालीची आई मंगल भिंतीला टेकून बसली होती. मनिषा तिच्याजवळ खाली बसली.

"आक्का, आजारी होती का ती?"

"बुधवारपास्नं वांत्या हुत्या. पोट बिघडलंय म्हणाली. दवाखान्यात चल म्हटलं तर उद्या जाऊ, उद्या जाऊ. आज सकाळी न्हेणारच हुते मी."

"आणखी काही दुखणं?"

"साखर. ल्हानपणापास्नं सुई हाय तिला."

"सुई घेत होती ना रोज?"

"व्हय की. माझ्या डोळ्यांम्होरं फ्रीजमधनं काढून आत न्ह्यायची."

"गेल्या आठवड्यात कुठं बाहेर गेली होती?"

"रविवारी सांबऱ्याला मैत्रिणीकडं गेलती. दुसरीकडं कुटं न्हाय."

पंचनामा कानडीत लिहिताना मनिषानं बाटलीची नोंद केली आणि ती तपासणीला पाठवून दिली.

बाटलीत विष नव्हतं. साधं पाणी आणि थोडी माती. पोटातही विष सापडलं नाही. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, "इन्सुलिन नाही मिळालं, मॅडम. अशा मुलांना ते बाहेरूनच द्यावं लागतं. थांबवलं की रक्तात आम्ल साठतं. तहान, वांत्या, मग शुद्ध जाते. तो वास त्याचाच."

मनिषा परत वडगावला आली आणि तिनं फ्रीज उघडला. सुईचं पेन भरलेलं होतं. बाकीची सीलबंद. दिपाली रोज पेन आत न्यायची, आणि तसंच परत आणून ठेवायची.

का?

ही पोर बीएस्सी झालेली. घरी बसून साड्यांच्या काठांची नक्षी संगणकावर काढायची. कट्ट्यावर विज्ञानाच्या बाजूनं तिच्याइतकं नेमकं कुणी लिहीत नव्हतं. लसीवरच्या वादात तिनं एकटीनं चौघांना गप्प केलं होतं. तिनंच आपली सुई सोडली?

फोनला कुलूप नव्हतं. मनिषा वाचत बसली.

कट्टा चालवणारे होते निपाणीचे शिवराज बेनाडीकर. विज्ञानाच्या शिकवण्या घ्यायचे. त्यांचं लिहिणं धारदार, मुद्देसूद. समोरून आप्पासाहेब यायचे, रागानं, अर्धवट वाक्यांत. आणि तिसरा होता गुरुदास. फोटो नाही, नंबर लपवलेला. "जांबोटीच्या रानातला एक साधा माणूस," अशी त्यानं स्वतःची ओळख दिली होती. तो कधीच चिडायचा नाही.

"आज एकादशी," त्यानं एका संध्याकाळी लिहिलं होतं. "दिवसभर पाणीही घेतलं नाही. आत्ता सांजवात लावली आणि उपास सोडला. मन शांत आहे. शिवराजसर, तुमच्या प्रयोगशाळेत ही शांती मोजता येते का?"

दुसऱ्या एका वादात: "माझ्या भाच्याला लहानपणापासून साखरेची सुई होती. आमच्या रानातल्या झऱ्याचं पाणी श्रद्धेनं घेतलं. दैवी ऊर्जेनं सुई सुटली. आज तो शेतात राबतो."

शिवराजांनी त्याच्या चिंधड्या उडवल्या होत्या. दिपालीनंही त्यांची री ओढली होती. पण त्याच रात्री तिनं गुरुदासला खासगीत विचारलं होतं.

"तुमचा भाचा खरंच सुईवाचून राहतो?"

"खोटं कशाला बोलू, मुली?"

"मी विचारलं हे कट्ट्यावर सांगू नका. लोक हसतील. माझं जमलेलं लग्न सुईमुळं मोडलं. कंटाळा आलाय हो."

मग रविवारी: "जांबोटीला जाऊन आले. घरी सांगितलं नाही. तुम्हाला तिथं कुणी ओळखत नाही."

"मला शोधू नकोस. झरा सापडला ना?"

आणि बुधवारी संध्याकाळी शेवटचं: "खूप तहान लागते. वांत्या थांबत नाहीत. भाच्याला असं झालं होतं का?"

गुरुदासनं हे वाचल्याची खूण होती. उत्तर नव्हतं.

मनिषानं ॲपच्या कंपनीला पत्र धाडलं. उत्तर यायला किती आठवडे लागतील, ते कुणीच सांगू शकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मनिषा वडगावला असतानाच शिवराज बेनाडीकर भेटायला आले. पन्नाशीचे, नेटके, डोळ्यांवर काळा चष्मा.

"गेल्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय," चष्म्याला हात लावत ते म्हणाले. मग महादेवांसमोर हात जोडून बसले. जाताना दारात मनिषाशी बोलले.

"कट्ट्यावरची सगळ्यात हुशार पोर होती, मॅडम. एवढी शिकलेली, आणि एकटी जांबोटीच्या रानात जाते, पाण्यासाठी! अंधश्रद्धेनं बळी घेतला."

"गुरुदासला ओळखता?"

"नाही. खेड्यातला कुणी भोळा माणूस असणार. त्याला शोधून काय मिळणार? त्याला कुठं ठाऊक होतं असं होईल म्हणून."

त्यांनी चष्म्याखालून रुमाल फिरवला. मनिषाला त्यांची कीव आली.

काकतीला आप्पासाहेब अंगणात गोठ्यापाशी बसले होते. सत्तरीचे, गळ्यात माळ.

"आप्पा, 'भोगशील' असं तुम्हीच लिहिलं होतं?"

"व्हय. रागाच्या भरात लिवलं." त्यांनी मान खाली घातली. "चूक झाली. पोर गेली, आता काय सांगू."

"तिला सुई सोडायला सांगितलीत?"

"मी?" आप्पासाहेबांनी सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. "मलाच साखर हाय. भजनाला जाताना बी ह्या बरोबर. देवानं डागदर कशाला दिलाय मग?"

"आणि गुरुदास? तो तर तुमच्या बाजूचा."

"माझ्या बाजूचा न्हवंच त्यो." आप्पासाहेब तिरसटपणे म्हणाले. "एकादशी संध्याकाळी सोडली म्हणतोय! एकादशी दुसऱ्या दिवशी सुटते, बाई. करणाऱ्याला हे सांगावं लागत न्हाय. आन् इतकं देव देव करतोय, पर कधी गावच्या देवाचं नाव घेतलं न्हाय. निसतं दैवी ऊर्जा, दैवी ऊर्जा. आमी काय असं बोलतो व्हय?"

जांबोटीला बस थांबते तिथं चहाचं खोपट चालवणारी जयाबाई फोटो बघताच म्हणाली, "आलती की. गुरुदास कोण म्हणून इचारत हुती. असला कोण न्हाय हितं, म्हटलं मी. झरा हाय, पर गुरं पाणी पित्यात तिथं. त्यात कसलं औषध?"

"मग ती काय म्हणाली?"

"काय न्हाय. बाटली भरून आणली, हितंच बसून चहा प्याली. साखर घालू का इचारलं, तर हसली. म्हणाली, आज घाला मावशी, बिनघोर घाला." जयाबाईनं पदरानं डोळे टिपले. "मला काय ठावं वो."

परतताना बसमध्ये मनिषानं कट्टा पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. ह्या वेळी ती दिपालीचं वाचत नव्हती. बुधवार संध्याकाळपाशी ती थांबली. मागे गेली, गेल्या महिन्यातल्या तारखा बघितल्या. मग खिडकीतून बाहेर बघत राहिली. घरी न जाता तिनं निपाणीची बस धरली.

शिकवणीच्या खोलीत फळ्यावर कसलंसं समीकरण अर्धवट होतं. शिवराज एकटेच होते.

"सर, गुरुदास सापडला," मनिषा म्हणाली.

शिवराजांनी खडू खाली ठेवला.

"कुठं सापडला, हे विचारणार नाही?"

"सांगा."

"आधी मला वाटलं, कुणी बुवा असेल. पण ज्याला एकादशी कधी सुटते ठाऊक नाही आणि ज्याला गावदेवाचं नाव घ्यावंसं वाटत नाही, तो भक्त नाही. भक्त कसा बोलत असेल ह्याची त्यानं कल्पना केलीय. मग वाटलं, असं सोंग कोण घेईल? गेल्या महिन्यात तुमचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तुम्ही कट्ट्यावर नव्हता. गुरुदासही नव्हता. तुम्ही आलात त्या दिवशी तोही आला."

"हा योगायोगही असू शकतो."

"असू शकतो. पण दारात तुम्ही म्हणालात, ती एकटी जांबोटीला गेली. तिच्या आईबापाला ती सांबऱ्याला गेली असंच माहीत होतं. मी फोन वाचला होता, म्हणून मला ते खटकलं नाही. ते तिनं फक्त गुरुदासला सांगितलं होतं."

शिवराज खुर्चीवर बसले.

"आणि बुधवार. कट्ट्यावर वाद ग्रहणाचा चालला होता. तिनं गुरुदासला लिहिलं, वांत्या थांबत नाहीत. गुरुदासनं वाचलं. त्यानंतर थोड्याच वेळात तुम्ही, कुणी विषय काढलेला नसताना, भला मोठा मजकूर टाकलात: इन्सुलिन थांबवू नका, जीव जातो. ग्रहणाच्या वादात इन्सुलिन कुठून आलं, सर?"

शिवराजांनी बोटांवरची खडूची पूड पुसली.

"कट्टा मरत चालला होता," शेवटी शिवराज म्हणाले. "आप्पासाहेब दोन वाक्यं लिहून रुसून बसायचे. वाद घालायला कुणी धड माणूसच नव्हता. म्हणून मी एक उभा केला. त्याचे मुद्दे मीच लिहायचो, मीच खोडायचो. लोकांना पटायचं. बरं वाटायचं."

"भाचा?"

"नाही. भाचा नाही, काही नाही."

"आणि तिनं विचारलं तेव्हा?"

"मला वाटलं, तिला संशय आलाय." त्यांनी चष्मा काढला. डोळे लाल होते. "ती माझ्या बाजूची होती हो! सगळ्यात तल्लख. मला वाटलं, ही गुरुदासला पकडायला सापळा लावतेय. लग्न मोडलं, कंटाळा आला, सगळं बनवलेलं असेल. जांबोटीला गेले, तुम्हाला तिथं कुणी ओळखत नाही म्हणाली, तेव्हा तर खात्रीच झाली. मी उघडा पडू नये, एवढंच बघत राहिलो."

"बुधवारी कळलं तुम्हाला."

"कळलं."

"तिचा नंबर होता तुमच्याकडं. फोन का नाही केलात?"

"हातात घेतला होता. पण ती विचारणार, सर, तुम्हाला कसं कळलं? मग कट्ट्यावर सगळ्यांना..." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "म्हणून ते लिहून टाकलं. वाटलं, वाचेल."

"वाचलं नाही तिनं. त्या संध्याकाळनंतर तिनं फोन उघडलाच नाही." मनिषा उठली. "सर, ती सापळा लावत नव्हती. तिला फक्त बरं व्हायचं होतं. चला, बेळगावला जाऊ. कोणतं कलम लागतं ते वरचे ठरवतील. मला जबाब हवाय."

शिवराजांनी फळा पुसला, दिवे बंद केले आणि तिच्यामागून निघाले.

वडगावला सांगायला मनिषा वर्दी न घालता गेली. महादेव ऐकता ऐकता उठून मागच्या खोलीत गेले. मंगल मात्र हलली नाही.

"म्हंजे गुरुदास म्हणून माणूसच न्हवता?"

"नव्हता, आक्का."

"आन् ज्यानं लिवलं, त्याचा बी त्यावर इश्वास न्हवता?"

"नाही."

मंगल देवळीतल्या देवाच्या फोटोकडं बघत राहिली. तिथं ताजं फूल होतं, रोजच्यासारखं.

"मला इचारायचं हुतं की गं तिनं," ती हळूच म्हणाली. "रानात कशाला गेली? देवाचं म्हणशील तर घरात मी हुते. जलमभर करत आले मी. ती ल्हान हुती तवा सुईची येळ झाली की हातातली आरती खाली ठेवून उठायची मी. ती रडायची, पळायची, माळ्यावर जाऊन बसायची. मी धरून आणायची तिला. आदी सुई, मग देव. मी न्हायच म्हटलं असतं तिला. म्हणून इचारलं न्हाय का गं?"

मनिषा मंगलचा हात धरून बसून राहिली. थोड्या वेळानं मागच्या खोलीतून महादेवांच्या रडण्याचा आवाज यायला लागला.