या एकदा घरी

आता ऐका, अन् मधीच हसू नका. भुताची गोष्ट म्हणून अंधाराची वाट बघायचं कारण नाही, ही भर दुपारची आहे.

वाटूरच्या झुंबरबाईला कुठं हिंडायचं म्हटलं की सासू सगुणाबाई अडकित्त्यानं कट् करून सुपारी फोडायच्या. "मी मेल्यावर हिंड." चाळीस वर्षं हेच. सुपारीचं खांडसुद्धा कधी सुनेच्या हातावर ठेवलं नाही. मागल्या साली सासू गेली. झुंबरबाईनं वर्षश्राद्ध उरकलं अन् नवरा रामराव, लेक अंगद, सून सुरेखा यांना जीपमध्ये घालून कोकण गाठलं. आल्यावर बचत गटाच्या बायांसंगं हैदराबादला जायचं, तिथंबी नाव देऊन ठेवलं होतं.

तिकडं समुद्रात एक काळा खडक आहे. माणसाचा हात लागलेला नाही, लाटांनीच कोरलाय. ओहोटी असली की पायी जाता येतं. पाठीत बाक, डोईवर पदर, मांडी घालून बसलेली बाईच जणू. अंगद अन् सुरेखा फोटो काढायला लागले. झुंबरबाईचा हात मात्र आपोआप पदराकडं गेला.

"अहो... ह्या आत्याबाई हायेत. तुमच्या आई."

"खुळी का तू? दगड हाय तो," रामराव म्हणाला. पण तोंडातली तंबाखू त्यानं हळूच थुंकून टाकली.

वारा पडला. मासळीच्या वासात काताचा वास मिसळला. खडकाच्या फटीत पाणी शिरलं अन् आतून आवाज आला, कट्... कट्...

"अडकित्ता..." झुंबरबाई कुजबुजली. "राखेसंगं दुधनेत सोडल्ता ना आपुन?"

"सोडल्ता की. पण दुधनेचं पाणी पार पूर्वेच्या समुद्राला जातं. हिकडं कसं येईल?"

"आत्याबाईंना कवा रस्ता इचारावा लागला?"

भरती चढायला लागली. झुंबरबाई घाईघाईत खडकाच्या पाया पडली अन् जन्माच्या सवयीनं बोलून गेली, "येते आत्याबाई. या एकदा घरी."

काठावरच्या शहाळेवालीच्या हातातला कोयता तसाच राहिला. "बाय, तिका घराक कशाक बोलवलंस?... आजवर कोणी बोलवूक नाय तिका."

परतीला जीपची मागची सीट ओली झाली. अंगद म्हणाला, शहाळं सांडलं असंल. कोणी वाद घातला नाही.

घरी उतरले तर ओट्यावर, सगुणाबाईंच्या जागी, गोल ओला डाग. वर ऊन रणरणत होतं, पण डाग वाळेना. झुंबरबाईला रडू फुटलं. आत्ता कुठं ती मोकळी झाली होती, अन् स्वतःच्या तोंडानं सासूला बोलावून बसली! तरी तिनं चहा टाकला. स्वतः घोटभर न घेता पहिला कप ओट्यावर ठेवला अन् सगळा धीर गोळा करून म्हणाली, "चहा घ्या. पण मी हैदराबादला जाणार म्हंजी जाणार."

थोड्या वेळानं बघितलं तर कप रिकामा होता, बशीत वाळू होती.

निघायच्या दिवशी सकाळी झुंबरबाई पिशवी घ्यायला गेली. शेजारी दुसरी एक पिशवी भरून तयार होती. सगुणाबाईंच्या जुन्या लुगड्याची, खाली पाणी ठिबकत होतं.

झुंबरबाई कितीतरी वेळ त्या पिशवीकडं बघत राहिली. अगं बाई, म्हातारीनं तरी जन्मात काय पाहिलं होतं? वाटूर अन् मंठ्याचा बाजार. तिला भीतीबी वाटली अन् कधी नाही ते सासूचं वाईटबी वाटलं. तिनं दोन्ही पिशव्या उचलल्या.

बसमध्ये खिडकीची जागा तिनं मोकळी सोडली. गटाची शिवकन्या तिथं टेकायला गेली अन् किंचाळून उठली. "मावशी, सीट वली हाय!"

"असू दे," झुंबरबाई म्हणाली.

मंठा मागं पडलं. खिडकीकडून कट् असा आवाज आला, अन् झुंबरबाईच्या तळहातावर सुपारीचं एक खांड आलं. थंडगार होतं. तिनं भीत भीत तोंडात टाकलं. खारट लागलं.